नेडच्या वाट्याची गोळी

डरहॅमच्या कोळसापट्ट्यातल्या खाणी बंद होऊन एक पिढी सरली, तरी थॉर्नलॉ गावात माणसाची ओळख अजून त्याच्या बापाच्या खाणीवरूनच सांगितली जाते. जॅनिस हेस्लॉप जिल्ह्याच्या रुग्णालयात संशोधन विभागाची परिचारिका होती; वयाने छप्पन्न, वृत्तीने शांत, चालताना उजव्या पायावर किंचित भार देणारी. तिच्या नावापुढे दोन पदव्या लागत. गावाच्या लेखी मात्र ती आल्फ हेस्लॉपची धाकटी पोर होती, आणि या ओळखीत तिला कधी उणेपणा वाटला नाही. तिने आयुष्यभर जे काम केले, त्याचे बीज त्या बापाच्या खोकल्यातच होते.

आल्फची फुप्फुसे कोळशाच्या धुळीने भरली होती. अखेरची वर्षे तो स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी खुर्चीत बसून असे, आणि प्रत्येक हिवाळ्यात त्याच्या समोरच्या फळीवर एक नवी बाटली येई. कोणी छातीला हंसाची चरबी चोळायला सांगे, कोणी काळे सरबत आणून देई, डॉक्टर गोळ्या बदलून देत. आल्फ सारे निमूट घेई; फक्त घेण्याआधी बाटली उजेडात धरून एकच प्रश्न विचारी.

“हे लागू पडतं का, नक्की?”

“बरेच जण चांगलं म्हणतात,” औषधवाला सांगे.

“घेऊन बघायला काय हरकत आहे?” डॉक्टर म्हणत.

“तू आधी गीळ, मग विचार,” असे त्याची बायको म्हणे, आणि आल्फ हसता हसता खोकू लागे.

त्या प्रश्नात कुचेष्टा नव्हती. आल्फला खरोखर जाणून घ्यायचे होते. तो लीक, म्हणजे कांद्याच्या जातीची लांब पांढऱ्या कांडीची भाजी, पिकवणारा माणूस होता. दंडाएवढ्या जाड लीकच्या कांड्या दर सप्टेंबरात गावच्या क्लबात मांडल्या जातात, आणि त्या कशावर पोसल्या हे प्रत्येक जण शपथेवर वेगवेगळे सांगतो. एक म्हणतो बिअर, दुसरा म्हणतो मेंढीचे लेंडीखत, तिसरा साखरपाणी. यांतले खरे काय, हे आजवर कोणी पडताळून पाहिलेले नाही, आणि पाहावे असे कोणाच्या मनातही आलेले नाही. आल्फच्या मनात ते येत असे. त्याला उत्तर न मिळताच तो गेला. जिन्याच्या पायरीवर बसून ते संवाद ऐकणाऱ्या मुलीच्या मनात मात्र तो प्रश्न घर करून राहिला.

ती परिचारिका झाली, आणि पुढे जिथे औषधे पारखली जातात त्या विभागात गेली. गावाला याची थोडी धास्ती आणि बरीच गंमत वाटे. खाटकाच्या दुकानात रांगेत उभी असताना मार्लीन नावाची तिची बालमैत्रीण मोठ्याने म्हणे, “जॅनिस, माझी आई पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येतेय. तिच्यावर काही प्रयोगबियोग करू नकोस हं!”

“तुझ्या आईवर प्रयोग करायची कुणाची छाती आहे?” जॅनिस म्हणे, आणि रांग हसे.

मग दोन हजार वीसचा वसंत आला. डॅफोडिल नेहमीसारखे फुलले. रस्ते मात्र ओस पडले. रुग्णालयाचे मजल्यामागून मजले एकाच व्याधीच्या रुग्णांनी भरू लागले. त्या व्याधीला नाव होते, रूप होते; औषध नव्हते. बुडणाऱ्याचा हात जसा जवळच्या कशावरही पडावा, तसे वैद्यकाचे हात जुन्या औषधांवर पडू लागले. हिवतापाच्या गोळ्या होत्या, एचआयव्हीची औषधे होती, दमा आणि संधिवातासाठी कित्येक वर्षे वापरात असलेले एक साधे, स्वस्त स्टेरॉइड होते. प्रत्येकाचा कोणी ना कोणी कैवारी होता. वृत्तपत्रे एका औषधाचा उदो उदो करीत, दूरचित्रवाणी दुसऱ्याचा. जॅनिसला वाटे, आपण पुन्हा त्या स्वयंपाकघरात उभ्या आहोत, आणि बाटल्या ठेवायला फळी पुरेनाशी झाली आहे.

त्या गोंधळात देशभरच्या रुग्णालयांनी एक संयत मार्ग स्वीकारला होता. रुग्णाला सगळे समजावून सांगायचे. तो हो म्हणाला तर त्याचे नाव संगणकात घालायचे. कोणाला कोणते जुने औषध मिळणार आणि कोणाला नेहमीच्या शुश्रूषेखेरीज काहीच नाही, हे संगणक चिठ्ठी काढल्यासारखे ठरवी. डॉक्टरला त्यात निवड नव्हती, परिचारिकेला नव्हती, रुग्णालाही नव्हती. पुरेशी माणसे झाली की कोणत्या गटातली अधिक जगली ते पाहायचे. यदृच्छेला लोक आंधळी म्हणून नावे ठेवतात. पण इथे तिच्या त्या आंधळेपणावरच सारा न्याय उभा होता. ती ओळखीच्याला ओळखत नव्हती.

त्या व्याधीच्या वॉर्डच्या प्रमुख डॉक्टर इमोजेन सर्टीज हुशार आणि सहृदय होत्या, आणि त्या दिवसांत फार थकलेल्या असत. एकदा मुखपट्टी उतरवून, गालावर उमटलेले तिचे वळ चोळत त्या म्हणाल्या, “जॅनिस, खरं सांगा, सगळ्यांना सगळं देऊन टाकावंसं नाही वाटत तुम्हाला?”

“रोज वाटतं, डॉक्टर.”

“मग?”

“मग जे जगतील ते कशानं जगले, आणि जे जातील ते कशानं गेले, हे आपल्याला कधीच कळायचं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा इथंच उभ्या राहू आपण.”

सर्टीजबाईंनी मान हलवली. “माहितीये मला ते. कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं, बस.” आणि मुखपट्टी चढवून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

एप्रिल उजाडताच थॉर्नलॉतले दोन म्हातारे एका पाठोपाठ एक त्या वॉर्डात आले. पहिला सेप्टिमस गौलंड. आईबापांचे सातवे अपत्य म्हणून ते नाव, आणि सारे गाव त्याला सेप म्हणे. दुसरा नेड टेलफर. दोघांनी कोवळ्या वयात एकाच दिवशी खाणीत पाय ठेवला होता, दोघांचे भाजीचे वाफे एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना होते, आणि लीकच्या पहिल्या बक्षिसासाठी दोघे उभ्या आयुष्यात एकमेकांशिवाय कोणाशीही भांडले नव्हते. आल्फच्या शवपेटिकेला या दोघांनी खांदा दिला होता. लहानपणापासून जॅनिस त्यांना काकाच म्हणत आली होती.

योगायोगाने दोघांच्या खाटा शेजारी आल्या. नाकाला ऑक्सिजनच्या नळ्या, तरी वाद चालूच.

“तूच लावलास हा रोग मला,” नेड धापा टाकत म्हणाला.

“मी? क्लबात माझ्या ग्लासातनं कोण प्यायलं?”

“तू लघवीला गेला होतास. बिअर कोमट होत होती.”

“बघितलंस?” सेपने समोरून चालत येणाऱ्या, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या आकृतीला सांगितले. “चोर तो चोर, वर आजारी.” मग तो डोळे बारीक करून पाहू लागला. “थांब. ही चाल ओळखीची आहे. आल्फची पोर ना तू?”

“हो, सेपकाका.”

“तोंड झाकलंस ते बरं केलंस. बापावर गेलीयेस तू.”

जॅनिस दोन खाटांच्या मधे बसली आणि तिने दोघांना सारे समजावून सांगितले. औषधे जुनी आहेत, पण या आजारावर ती गुण देतात की अपाय करतात हे कोणालाच ठाऊक नाही. नाही म्हटले तरी शुश्रूषेत तसूभर फरक पडणार नाही. हो म्हटले तर काय मिळेल ते आपल्या हातात नाही.

नेडने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “म्हणजे कॅव्हिलच की ही.”

डरहॅमच्या खाणींत ती जुनी रीत होती. भूगर्भातली प्रत्येक जागा सारखी नसते. कुठे कोळशाचा थर उंच आणि कोरडा, तर कुठे पाण्यात कुशीवर पडून कुदळ मारावी लागे. चांगली जागा कोणाला आणि वाईट कोणाला हे मुकादमाने ठरवायचे म्हणजे पक्षपाताला दार उघडे. म्हणून दर तिमाहीला सगळ्यांसमक्ष टोपीत चिठ्ठ्या टाकीत, आणि ज्याच्या नावाने जी जागा निघेल ती तो पुढच्या सोडतीपर्यंत खणी. ही कॅव्हिल. निघालेली चिठ्ठी बदलून मागणे खाणकामगारांत चोरीइतकेच वाईट मानले जाई. नेड आणि सेप तरुण असताना ही रीत शेवटचे श्वास घेत होती, पण त्या दोघांनी तिच्याप्रमाणे मिळालेल्या जागी कामे केली होती.

“अगदी तसंच,” जॅनिस म्हणाली.

“मग टाक टोपीत.”

तिने प्रथम सेपचे नाव घातले. त्याच्या वाट्याला स्टेरॉइडच्या गोळ्या आल्या. मग नेडचे. पडद्यावर उत्तर उमटले, नेहमीची शुश्रूषा. तिच्या बापाची शवपेटिका वाहिलेला तो खांदा शेजारी वरखाली होत होता. तिने त्याला ते जसे होते तसे सांगितले.

“मला पाण्याची जागा,” नेड म्हणाला. “माझं नशीब टोपीला तोंडपाठ आहे.”

“ती पाण्याची आहे की कोरडी, ते अजून कुणालाच माहीत नाही, नेडकाका.”

“बरं बरं. चहा तरी मिळतो ना या जागेत?”

 सेपने मात्र कुशीवर वळून नेडकडे बराच वेळ पाहिले.

पुढच्या काही दिवसांत नेडची प्रकृती जिथल्या तिथे राहिली. सेपची खालावत गेली. त्याला लागणारा ऑक्सिजन वाढवावा लागला, पालथे झोपवावे लागले, बोलणे तुटक झाले. वॉर्डच्या परिचारिकेला जॅनिसने विचारले, तेव्हा ती म्हणाली की गोळ्या रोज सकाळी कागदी पेल्यात देते आणि तो तोंडात टाकतो हे पाहते. पण दुसरीकडे घंटा वाजते आणि ती धावते. त्या दिवसांत कोण धावत नव्हते? जॅनिसने तो विषय तिथेच सोडला. तिच्या शिकवणीप्रमाणे एका माणसाच्या खालावण्यावरून औषधाबद्दल काही अनुमान काढायचे नसते. तरीही दर सकाळी ती प्रथम सेपच्या खाटेवरच्या ऑक्सिजनच्या आकड्याकडे पाही.

अशाच एका सकाळी नेडने घरून आलेले शुभेच्छापत्र वाचायला चष्मा मागितला. जॅनिसने कपाटावरचे चष्म्याचे घर उघडले. चष्म्याखाली, कापडाच्या घडीत, लहान पांढऱ्या गोळ्या होत्या.

कोणाच्या गोळ्या आहेत हे विचारावे लागले नाही. तिने घर मिटले, नेडच्या उशाशी वाकली, आणि आवाज शक्य तितका खाली आणून म्हणाली, “किती गिळल्यात?”

“एक पण नाही.”

“नेडकाका.”

“आईच्यान, पोरी. एक पण नाही.” त्याने दम घेतला. “तो गालात धरून ठेवतो. ती बाई गेली की हात पुढे करतो. सगळ्या नाही, निम्म्या. मी नको म्हणालो पहिल्यांदा, तर असा खोकत सुटला... मग घेतल्या. घेतल्या नि ठेवल्या. भांडायला छातीत वारा कुठे आहे आम्हा दोघांच्या?”

“मला का नाही सांगितलंत?”

नेडने तिच्याकडे असे पाहिले, की तिला स्वतःच्या प्रश्नाची लाज वाटावी. जोडीदाराची चुगली वर करायची नाही, हे खाणीतल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. “आणि मी ती गिळणार कसा?” तो पुढे म्हणाला. “माझी चिठ्ठी ती नव्हे.”

जॅनिस सेपच्या खाटेकडे वळली. तिच्या मनात राग होता, आणि रागाच्या तळाशी निखळ भीती. या गोळ्या तारक असतील, तर हा माणूस त्या निम्म्या वाटून स्वतः बुडत होता. त्या मारक असतील, तर तो आपल्या जन्माच्या सोबत्याला रोज सकाळी विष देऊ पाहत होता. यांतले खरे कोणते, हे तिला माहीत नव्हते. आणि हे न जाणणेच तिला आता त्याच्यापुढे मांडायचे होते. तिने चष्म्याचे घर त्याच्या डोळ्यांसमोर धरले.

सेपने पाहिले. “गिळल्या नाहीत? गाढव आहे तो.”

“सेपकाका, हे तुम्ही का केलंत?”

“शिदोरी,” सेप म्हणाला, जणू त्या एका शब्दात सारे आले.

त्याच्या दृष्टीने खरोखरच सारे आले होते. खाणीतल्या पहिल्या दिवशी कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या एका तट्टाने सेपची शिदोरी पिशवीसकट खाल्ली होती. भुकेने आणि अंधाराच्या भीतीने रडकुंडीला आलेल्या त्या पोराजवळ नेड येऊन बसला, आणि त्याने आपली भाकरी बरोबर मधोमध मोडली. तेव्हापासून खाण बंद होईतो दोघांनी कधी आपापले एकट्याने खाल्ले नाही. कोणाच्या डब्यात काय आहे याला महत्त्व नव्हते. डबा उघडला की आतले मधोमध मोडायचे.

“मला भाकरी आली, त्याला नाही आली,” सेप तुटक तुटक बोलत होता. “मी त्याच्या समोर बसून खाऊ? एकटा? आणि उद्या तो गेला नि मी राहिलो, तर सप्टेंबरात मी लीक मांडू कुणाच्या शेजारी?”

जॅनिसने त्याचा हात हातात घेतला. दोन हातमोज्यांच्या पलीकडून त्याची ऊब लागत नव्हती.

“ती भाकरी आहे, असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

सेपने चष्म्याच्या घराकडे पाहिले.

“मला माहीत नाही ती भाकरी आहे की नाही. डॉक्टरांना माहीत नाही. या अख्ख्या देशात कुणाला माहीत नाही. माहीत असतं तर मी चिठ्ठ्या कशाला टाकल्या असत्या? दोघांना दिली असती, नाहीतर दोघांनाही नसती दिली. आठवतं, बाबांच्या खिडकीतली ती फळी?”

“बाटल्यांची.”

“बाटल्यांची. त्यातल्या दोन तुम्ही आणल्या होत्या.”

“एक चांगली होती. बिशप ऑकलंडच्या बाजारातली.”

“चांगली होती? लागू पडली?”

सेपने डोळे मिटले. “नाही माहीत,” तो म्हणाला.

“सगळ्यांनी प्रेमानंच दिलं होतं, काका. पण बाबा विचारत राहिले आणि कुणी उत्तर दिलं नाही. या वेळी मला ते उत्तर हवंय. तुमचं औषध तुम्ही पुरतं घेतल्याशिवाय, आणि नेडकाका त्यांच्या जागी राहिल्याशिवाय, ते मिळायचं नाही. नाही घ्यायचं असेल तर तसं स्पष्ट सांगा, मी आत्ता थांबवते. तो हक्क तुमचा आहे. पण वाटायचं नाही.”

इतका वेळ शेजारच्या खाटेवर धापांचा आवाज तेवढा होता. आता नेड कोपरावर उठून बसला. त्याला तसे उठायची मनाई होती.

“सेप. ऐकतोयस?”

“बहिरा नाही झालो अजून.”

“तू माझी चिठ्ठी बदलतोयस. माझी! टोपीतनं निघालेली जागा कधी नाकारली का रे मी? त्या पाण्याच्या भुयारात अख्खा हिवाळा कुशीवर पडून काढला, आठवतं? तेव्हा बदलून मागितली मी?”

“रोज शिव्या द्यायचास.”

“शिव्या दिल्या. बदलून नाही मागितली.” नेडला खोकल्याची उबळ आली, जॅनिस पुढे झाली, पण त्याने हाताने तिला थांबवले. “शिदोरी मोडायची असते, लेका. चिठ्ठी नाही. एवढी अक्कल त्या तट्टाला होती.”

“तट्टानं माझी पिशवी खाल्ली होती.”

“म्हणूनच म्हणतो, तुझ्याहून शहाणं होतं. आणि मरायचंच असेल ना, तर सप्टेंबरनंतर मर. या वर्षी तुला हरवल्याशिवाय मी जाऊ देणार नाही.”

“तू मला शेवटचं कधी हरवलंस रे?” सेपच्या आवाजात प्रथमच थोडी धार आली. मग त्याने जॅनिसकडे पाहिले आणि तोंड उघडले, लहान मुलाने उघडावे तसे. तिने परिचारिकेकडून त्या दिवसाची मात्रा नव्याने आणवली. सेपने गोळ्या गिळल्या, वर पाणी घेतले, आणि जीभ पूर्ण बाहेर काढून प्रथम तिला आणि मग वळून नेडला दाखवली.

“आत घे,” नेड म्हणाला. “ऑक्सिजन जातोय वाया.”

जॅनिसने तासाभरात सर्टीजबाईंना सारे सांगितले आणि जे घडले ते घडले तसे वर कळवले. निम्म्या राहिलेल्या मात्रा, न गिळलेल्या गोळ्या, काही झाकले नाही. “सेप त्याच्याच चिठ्ठीत मोजला जाईल, नेड त्याच्या,” डॉक्टर म्हणाल्या. “काही मात्रा चुकल्या म्हणून हिशेब मोडत नाही. फक्त माणूस वाचायला हवा.” मग “शिदोरी म्हणाले ते?” असे त्यांनी विचारले, आणि त्या सेपच्या खाटेकडे निघाल्या.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. अतिदक्षता विभागाचे डॉक्टर दोनदा येऊन सेपला पाहून गेले आणि दोनदा म्हणाले, अजून थोडी वाट पाहू. नेड भिंतीकडे तोंड न करता सतत सेपच्या बाजूला कूस ठेवून झोपे. मग एका दुपारी आकडा जरा सुधारला, दुसऱ्या दिवशी आणखी जरा, आणि त्या आठवड्याच्या शेवटी सेपने रुग्णालयाच्या सुपाबद्दल तक्रार केली. वॉर्डातल्या साऱ्यांना ती तक्रार मधुर वाटली. नेड आधी घरी गेला, चाकांच्या खुर्चीतून जाताना त्याने सेपच्या पायाला चिमटा काढला आणि म्हणाला, “तुझ्या वाफ्याला पाणी घालतो. जास्तच घालतो.” सेप मागाहून, मे महिन्याच्या उन्हात, ऑक्सिजनची लहान टाकी घेऊन घरी परतला.

गावाने लगेच ठरवून टाकले की सेपला गोळ्यांनी वाचवले. खाटकाच्या रांगेत मार्लीनने ते जाहीर केले. “मग नेडकाकांना कशानं वाचवलं?” जॅनिसने विचारले.  “हट्टानं,” मार्लीन म्हणाली. दोन म्हाताऱ्यांच्या जगण्याने काही सिद्ध होत नाही, हे जॅनिस जाणून होती. त्यासाठी हजारोंच्या चिठ्ठ्या एका टोपीत पडाव्या लागतात. त्या पडत होत्या.

जूनमध्ये प्रथम हिवतापाच्या गोळ्यांचा निकाल आला. ज्यांच्यासाठी लोकांनी इतका गजर केला होता, त्यांनी काहीच गुण दिला नव्हता. आणि थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, सर्टीजबाई वॉर्डाच्या बाहेरच्या बोळातून जवळजवळ धावत आल्या. त्यांच्या हातात फोन होता.

“ते स्टेरॉइड,” त्या म्हणाल्या. “जॅनिस, ते लागू पडतं.”

चादरींच्या कपाटाशेजारी एक स्टूल होते. जॅनिस त्यावर बसली. तिने दोनदा ते वाचून घेतले. ज्यांना ऑक्सिजन लागत होता, त्यांत या जुन्या, स्वस्त गोळ्यांनी मृत्यू कमी झाले होते. यंत्रावर श्वास घेणाऱ्यांत तर अधिकच. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना उपयोग नव्हता. इतके स्वच्छ, इतके मर्यादित, इतके खरे उत्तर तिच्या घराण्यात कोणाच्या वाट्याला आले नव्हते.

त्याच दुपारी वॉर्डात एक नवी बाई आली होती. शाळेच्या भोजनगृहात स्वयंपाक करणारी, घाबरलेली, नाकाला नळी. जॅनिस कागदी पेला घेऊन गेली. या वेळी संगणकाला काही विचारायचे नव्हते. बाईने गोळ्या उजेडात धरल्या, अगदी आल्फ धरी तशा.

“हे लागू पडतं का हो?”

जॅनिसने पाण्याचा पेला तिच्या हाताशी ठेवला.

“हो,” ती म्हणाली. “सगळ्यांना वाचवत नाही. पण तुमच्यासारख्यांत या घेणारी माणसं जास्त वाचतात. हे आम्हाला नक्की माहीत आहे.”

बाईने मान डोलावली आणि गोळ्या गिळल्या. तिला ते उत्तर साधेच वाटले असेल.

संध्याकाळी अजून लख्ख ऊन होते. जॅनिस घरी न जाता गावाबाहेरच्या वाफ्यांकडे गेली. नेड आणि सेप कुंपणाच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसले होते. सेपच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेली स्टॉटीची, म्हणजे तिथल्या गोल चपट्या पावाची, जाड चकती होती, आत हॅम आणि वाटाण्याचा लगदा. बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली होती, हे दोघे भांडत नव्हते यावरून तिला कळले. सेपची नजर मातीत होती.

“म्हणजे ती भाकरीच होती,” तो म्हणाला.

“होती, सेपकाका. आता माहीत झालं.”

“आणि ह्याला पाण्याची जागा.”

“हो,” जॅनिस म्हणाली. ती खोटे बोलू शकत नव्हती. “नेडकाका, तुम्हाला ती मिळाली असती तर कदाचित इतकं सोसावं लागलं नसतं. तुमच्यासारखी जी माणसं तिच्याशिवाय राहिली, त्यांच्याशी ताडून पाहिल्यामुळंच हे कळलं. त्यांतली सगळी घरी नाही आली. आज दुपारी एका बाईला मी ती दिली. चिठ्ठी न टाकता.”

नेडने आपल्या लीकच्या रांगेकडे पाहिले. ऊन कांड्यांवरून घसरत होते.

“कोण बाई?”

“शाळेत स्वयंपाक करणारी. क्रूक गावची.”

“बरी होईल?”

“आशा आहे.”

“हं.” त्याने मुठीने गुडघा चोळला. “पाण्याच्या जागेतला कोळसापण कुणाच्या तरी चुलीत जळायचाच.” मग कुंपणावरून हात पुढे केला आणि सेपकडे न पाहताच म्हणाला, “काय बघतोयस मातीत? मोड ती.”

सेपने स्टॉटी दोन्ही हातांनी धरली, मधोमध मोडली, आणि दोन्ही तुकडे उंच धरून कोणता मोठा आहे ते उन्हात नीट न्याहाळू लागला.

“अरे दे की,” नेड म्हणाला.